गावंड्यांचं विमान

मधुकरराव गावंडे कॉम्प्युटर बघायला दुकानात गेले की आधी स्वतःला खुर्चीला बांधून घ्यायचे. त्यासाठी त्यांच्या पिशवीत एक पंचा असायचा. तो पोटावरून मागे न्यायचा आणि खुर्चीच्या पाठीला गाठ मारायची. गाठ मारायचं काम माझ्याकडे. "आवळा, पाठक, आवळा! विमानात बसून राहिलो आपण, पंगतीत नाही," असं ते भर दुकानात ओरडायचे. एका दुकानदाराने हे पाहून धावत जाऊन पाणी आणलं. काकांना फिट येते असं त्याला वाटलं असावं. मी त्याला समजावत बसलो नाही, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा फिट परवडली असती.

मला आजही ते दिवस आठवले की संताप येतो. एका माणसाने माझे किती रविवार खावेत याला काही मर्यादा? आणि तेही कोणी? ज्या दिवशी आमच्या बँकेच्या सुरतेतल्या उधना शाखेत पहिला कॉम्प्युटर आला, त्या दिवशी हेच गावंडे शाखेच्या दारात आडवे पडले होते. युनियनचे सेक्रेटरी ना! "मशीन नको, माणूस हवा" अशा घोषणा त्यांनी घसा बसेपर्यंत दिल्या. मॅनेजरसाहेबांना त्यांना ओलांडून आत जावं लागलं होतं. कॉम्प्युटर आत गेला तो गेलाच, पण गावंड्यांनी पुढे कित्येक महिने त्याच्याकडे पाठ करून लेजर लिहिली. आता त्याच माणसाला सुरतेतला सगळ्यात जबरदस्त कॉम्प्युटर हवा होता, आणि तो मी निवडून द्यायचा होता.

मीच का? तर बँकेने मला बडोद्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे मी मशीन चालू करायला शिकलो, आणि बंद करण्याआधी कोणाला तरी विचारायला शिकलो. एवढ्या भांडवलावर गावंडे सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटले, "आपले पाठक कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन राहिले बाप्पा." आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. पळून जायला जिन्याशिवाय जागा नव्हती, आणि जिना त्यांच्या दारावरून जायचा.

मूळ कारण मात्र साधं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मीनल मस्कतला होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिथल्या डॉक्टरणीने तिला प्रवास करायला बंदी केली. गावंडे आठवडाभर त्या डॉक्टरणीवर भडकलेले होते. "पहिलं बाळंतपण सासरी होते का कोठी? आमच्या अकोल्याकडे ऐकलं नाही असं!" मग ठरलं की मुलगी माहेरी येऊ शकत नाही, तर माहेरानेच विमानात बसून तिकडे जायचं. नवरा-बायको दोघांचे पासपोर्ट झाले. कळा सुरू व्हायच्या आत पोचायचं, हे नक्की झालं.

आणि तिथेच घोडं अडलं. गावंडे म्हणाले, "आमची सुमन घाबरट आहे हो. विमानाचं नाव काढलं की तिचे हातपाय गार पडतात."

पुण्याच्या भाच्याकडे त्यांनी विमान चालवायचा एक खेळ पाहिला होता. पडद्यावर समोर विमानाची काच, खाली घड्याळंच घड्याळं, बाहेर धावपट्टी. त्यावर बायकोला रोज बसवायचं, म्हणजे सवय होऊन भीती मोडेल, असा त्यांचा बेत. पण भाच्याचं मशीन जुनं, फोर-एटी-सिक्स. त्यावर चित्र धक्के खात पुढे सरकायचं. "विमान हवेत थांबून थांबून जाते का, पाठक? तशा विमानात तर मी पण नाही बसणार. चित्र अडखळता कामा नये. अजिबात!" हे वाक्य मी पुढचे तीन महिने ऐकलं. त्या खेळाची सीडी सुमनवहिनींच्या ब्लाउजपीसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून ते दुकानोदुकान हिंडायचे.

आता सुरतेत जबर कॉम्प्युटर कोण घ्यायचं? साडीवाले. साडीचं डिझाइन काढायला त्यांना मोठं मशीन लागे. त्यामुळे दुकानात शिरून "सगळ्यात पॉवरफुल दाखवा" म्हटलं की समोरचा आपल्याला साडीवालाच समजायचा. रिंग रोडच्या जिग्नेशभाईंनी आम्हाला काचेच्या एसी खोलीत नेलं. खोलीबाहेर चपला काढायच्या. तिथेच पहिलं भांडण झालं.

"काहून काढायचे बूट? पायलट काय अनवाणी जाते विमानात?"

"अंकल, धूळ जाय ने अंदर तो मशीन बिगड जाय," जिग्नेशभाई नम्रपणे म्हणाले. मग गावंड्यांनी बूट काढले आणि ते हातात घेऊन आत बसले.

"बोलो अंकल, क्या चलाना है? जॉर्जेट? प्रिंट?"

"विमान," गावंडे म्हणाले.

जिग्नेशभाईंचा चेहरा उजळला. "अरे, एरोप्लेन का बुट्टा! फ्रॉकना कपडामां बहु चाले छे!" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पडद्यावर एक गुलाबी कापड पसरलं. त्यावर बोटभर विमानं काढली, ती ओळीत लावली, आणि माउस फिरवून ते कापड गोल गोल उडवून दाखवलं. "देखो, कैसा मक्खन की तरह घूमता है!"

गावंडे खुर्चीसकट उठले, कारण ते बांधलेले होते. "मला पदर नाही उडवायचा! विमान उडवायचं आहे! ज्याच्यात माणसं बसतात ते!" जिग्नेशभाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांची क्षमा मागितली, गाठ सोडली, आणि गावंड्यांना बूट घालायला लावले. अशी क्षमा मी त्या दिवसांत रिंग रोडच्या निम्म्या दुकानांत मागितली आहे.

बरं, खेळ लावून दिला तरी पसंती म्हणून नाही! एका मशीनवर ढग चौकोनी दिसतात. दुसऱ्यावर इंजिनाचा आवाज, "हे विमान आहे का पांडेसऱ्याच्या कारखान्यातला लूम?" पेंटियम झालं, मेमरी दुप्पट करून झाली, मुंबईहून कसलंसं खास कार्ड मागवून झालं. विमान चालवायची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, माझ्या हातात, गावंडे शेजारी बांधलेले. मी विमान धावपट्टीवर पळवायचो, वेग वाढायचा, नाक वर उचलणार एवढ्यात गावंडे किंचाळायचे, "थांबवा! अडखळलं!" मला कुठे काही अडखळलेलं दिसायचं नाही. दुकानदारालाही दिसायचं नाही. पण गावंड्यांना दिसायचं, आणि ते कपाळ पुसत उठायचे. "कमजोर मशीन. चला."

शेवटी एका रविवारी वहिनीच आमच्याबरोबर आल्या. सुमनवहिनी म्हणजे बुटक्या, शांत बाई. त्यांनी जिग्नेशभाईंच्या दुकानात एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हाच बांधून द्या भाऊ. यांचं मशीन पसंत होईस्तोवर पोरगी बाळंत होऊन बसेल." गावंड्यांनी चक्क पंच्याची घडी करून पिशवीत टाकली. तीन महिने मी जे घसा फोडून सांगत होतो, ते या बाईंनी एका वाक्यात उरकलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला आणखीच राग आला. मग मला कशाला फिरवलं?

कॉम्प्युटर घरी आला. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. एसी नव्हता, म्हणून दोन टेबलफॅन मशीनच्या तोंडावर लावले आणि माणसं घामाघूम होऊन बसली. मी वहिनींना दांडी कशी धरायची ते दाखवलं. त्यांच्या मांडीवर सुरती पापडीचं ताट होतं. एक हात त्यांनी दांडीवर ठेवला, दुसऱ्याने शेंगेची शीर ओढत राहिल्या. विमान पळालं, उचललं, ढगांच्या वर गेलं. बाई हलल्या नाहीत. "हेच का? एसटीपेक्षा बरं आहे की," म्हणाल्या, आणि भाजी फोडणीला टाकायला उठून गेल्या.

गावंडे तेव्हा गॅलरीत होते. फ्यूज बघतो म्हणाले होते.

पुढे रोज हेच. मी म्हणायचो, वहिनी तयार आहेत. ते म्हणायचे, "ते वरवरचं आहे, पाठक. तुम्हाला नाही समजायचं. आतून घाबरून राहिली ती." मग मॉनिटर लहान आहे म्हणून मोठा आणला. स्पीकर बदलले. दोन तिकिटं आली. जायला आठवडा उरला, आणि या गृहस्थाने सोसायटीच्या जिन्यात मला सांगितलं की ते जात नाहीयेत. पगारकराराची बोलणी चालू आहेत, सेक्रेटरीने अशा वेळी देश सोडून जायचं नसतं, सुमन एकटी जाईल.

मी फुटलो. सगळ्या दारांतून माणसं बाहेर आली, तरी मी थांबलो नाही. "कसला करार? दिल्लीत बसलेल्यांना तुमचं नाव तरी माहीत आहे का? पोटची एकुलती एक पोर वाट बघतेय, आणि जिला तुम्ही घाबरट घाबरट म्हणून गावभर सांगितलंत त्या बाईला एकटीला पाठवताय? लाज कशी वाटत नाही?"

"तुम्ही मला शिकवू नका," गावंडे म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

वहिनी गेल्या. स्टेशनवर त्यांना सोडायला गावंडे होते आणि मुद्दाम मीही गेलो होतो, त्यांच्याकडे न बघता. विमान मुंबईहून होतं. डिंकाचे लाडू, हळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, असं सामान त्यांनी स्वतःच चढवलं. खिडकीतून मला म्हणाल्या, "यांच्यावर रागावू नका. जेवायला बोलवत जा. एकटे जेवत नाहीत ते." मी हो म्हटलं, पण बोलावलं नाही. डबा मात्र आमच्या घरून रोज जायचा. तो आमची ही द्यायची, मी नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, हिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज तुम्ही जा. कालचा डबा तसाच परत आलाय."

दार उघडंच होतं. आतून इंजिनाची घरघर येत होती. गावंडे कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. मी डबा ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "सकाळी फोन आला सुमनचा. तिने पोरीला फोनजवळ धरलं. रडताना ऐकू आलं मला."

मी म्हणालो, "अभिनंदन, गावंडेसाहेब." एवढ्या दिवसांनी तेवढंच सुचलं.

"सुमन गेली तेव्हापासून रोज बसतो इथं. इंजिन चालू करतो. तुम्हाला सांगतो पाठक, हे चाक अजून जमिनीवरून उचललं नाही मी. एकदाही नाही. हात असा थरथरायला लागते." त्यांनी हात दाखवला. "खोटं विमान आहे हो. खाली टेबल आहे, टेबलाखाली फरशी आहे. समजते मला सगळं. तरी नाही होत."

मी खुर्ची ओढून बसलो.

"सुमन कधीच घाबरत नव्हती. मी तिचं नाव पुढे केलं. सगळ्या सोसायटीने तिला घाबरट म्हटलं, तुमच्यासमोर मी म्हटलं, तिने एकदा तोंड उघडलं नाही. जाताना मला म्हणाली, तुम्हाला यायचं तेव्हा या, मी सांगते मीनलला की बाबांना रजा नाही." त्यांचा आवाज फाटला. सबंध शाखेला पुरून उरणारा तो आवाज. "आता नात झाली. महिन्याची होईल, बसायला लागेल, रांगेल. मी इथं धावपट्टीवर बसून राहू का?"

मला त्यांचा एवढा राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. हे आधी सांगता येत नव्हतं? दारात आडवं पडणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं?

"सरका," मी म्हणालो आणि दांडी हातात घेतली. "आज थांबवायचं नाही. मशीन कमजोर नाही, समजलं?"

"हाव," गावंडे बारीक आवाजात म्हणाले. "डोळे उघडे ठेवतो."

विमान पळायला लागलं. धावपट्टीचे पांढरे पट्टे भराभर खाली जायला लागले. शेजारून गावंड्यांनी माझं डावं मनगट धरलं. नाक वर आलं, पडद्यातली जमीन तिरकी झाली आणि खाली गेली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते ओरडले नाहीत. बराच वेळ नुसतं निळं निळं होतं. मग त्यांनी विचारलं, "मस्कतला किती वेळ लागते हो?"

"दोन-अडीच तास."

"मग तेवढा वेळ उतरवू नका," गावंडे म्हणाले. "सवय होऊ द्या."

मी बरं म्हटलं. डबा तिथेच गार होत होता. मनगट दुखायला लागलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही, आणि मीही ओढून घेतलं नाही.