धोंडूकाकांचं सांबर

कुणाच्याही घरी गेले की धोंडूकाका आधी चुलीतली चिमूटभर राख उचलत, बोटांतून सोडत आणि ती जिकडे उडेल तिकडे जाऊन बसत. म्हणजे यजमानाला आपला वास लागत नाही! लग्नाच्या पंगतीतही तेच. "आदी वारा, मंग बाकी," असं म्हणत. पानातला भात काही पळून जाणार नव्हता, पण सांगणार कोण?

हा सगळा सराव सांबरासाठी. तीस सालाच्या आसपासची गोष्ट. पोलादपूरजवळच्या त्या वाडीत शिमग्याला पारध निघे: ढोल, कुत्री, हाकारे आणि पाटलांची ठासणीची बंदूक. "ही शिकार हाय का वरात?" काका म्हणत. त्यांना आंबेनळीच्या रानात एकट्यानं, धनुष्यबाणानं सांबर मारायचं होतं. बेत दसऱ्याला सुरू होई आणि शिमगा आला की पुढच्या वर्षावर जाई.

मी तिथला शाळामास्तर, त्यांचा शेजारी. बाणांना पिसं हवीत म्हणून आमच्या कोंबड्याची शेपटी गेली. दसऱ्यापासून काकांना साबण वर्ज्य; मग वारा कुठला ते आम्हाला राखेवाचून कळे.

एकदा सरावाचा बाण पाटलांच्या मांडवावरच्या भोपळ्यात घुसला. पाटील भांडायला आले. काका शांतपणे म्हणाले, "पारधीचा कायदा काय हाय, पाटील? पयला बाण ज्याचा, मुंडकं त्याचं." देठाकडचा तुकडा घेऊनच ते हटले आणि उरलेला भोपळा पारधीच्या रीतीनं घरटी वाटायला लावला. आम्हालाही फोड आली.

बेत आखताना समोर काकी असायच्या. गवत कापताना कड्यावरून पडल्या तेव्हापासून त्यांचे पाय गेले होते. ओटीवरच्या बाजल्यावर बसून असत, पण रान त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वरच्या झऱ्यावरनं जातो," काका म्हणत.

"तितं कशाला जाता वो? आवळीखालनं जा."

मला वाटे, हा माणूस नुसताच बोलतोय. काकींना एकटं सोडायचं कसं, ही अडचण त्यांनी कधी बोलूनच दाखवली नव्हती. ती माझ्या बायकोच्या ध्यानात आली. "मी बसते काकींजवळ. तुम्ही जा बघू," ती म्हणाली.

काका पहाटे गेले, दिवेलागणीला रिकाम्या हातानं आले. हसायला अख्खी वाडी जमली होती. तिकडे न बघता ते थेट बाजल्याशी जाऊन बसले.

"आवळी हाय?" काकींनी विचारलं.

"हाय गो. फांद्या वाकल्यात." त्यांनी भात्यातून आवळे काढून काकींच्या ओटीत घातले. "झऱ्याला पानी हाय. तू पडलीस तितं आता कारवी माजलीय."

"आनि सांबर?"

"आलं व्हतं पान्यावर. मान वर करून बगत ऱ्हायलं. तुला नीट सांगायचं म्हनून मी बी बगत ऱ्हायलो. बाण लावायचंच ऱ्हायलं."

काकी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. 

पुढे काका दरवर्षी गेले, दरवर्षी रिकामे परतले आणि काकींना झाडन्‌झाड सांगत बसले. वाडी त्यांना हसेनाशी झाली.

काकी गेल्या त्या वर्षी शिमगा तोंडावर आला तरी काका हलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, "काका, यंदा रानात जायचं नाही?"

"मास्तर," ते म्हणाले, "सांबर मारलं आसतं तर वाडीत घरटी वाटलं आसतं. रान बगून आलो, तर सांगू कोनाला?"