उकंडाभाऊंची साक्ष

उकंडाभाऊंविषयी लिहायला मी अनेकदा बसलो आणि दरवेळी काहीतरी काम काढून उठलो. आज उठणार नाही.

उकंडाभाऊ माणसाच्या तोंडाकडे नव्हे, दातांकडे बघत. सगळा जन्म अनसिंगच्या बाजारात हेडीपणात, म्हणजे बैलांच्या दलालीत गेला. बैलाचा ओठ वर करायचा आणि दात मोजून वय सांगायचं, ‘दोन दाती’, ‘चार दाती’. सगळे दात आले की ‘जुळला’. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले. नवरदेव नुसता हसला, तर हे दारातून म्हणाले, “पोरगा कवाचाच जुळला हो. वय लपवून राह्यले.” स्थळ मोडलं. मागाहून कळलं, वय बरोबर होतं, दात तंबाखूनं झिजून काळे पडले होते. मी हे सुनावलं तर म्हणाले, “मंग दातानं खरंच सांगतलं ना. असा जावई कायले पायजे?”

त्यांची एकुलती लेक लवकर वारली. जावयानं दुसरं लग्न केलं, नातीला घेऊन परदेशात गेला आणि नातं तुटलं. पुढे ती नात, रेवा, मला मोबाइलवर एका ॲपमध्ये सापडली. नाचाचे व्हिडिओ टाकायची. उकंडाभाऊंकडे बटणांचा फोन. त्यामुळे रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर हजर.

“मास्तर, पोट्टी दाखवा.”

तिच्या दातांना तार लावलेली दिसली तेव्हा ते भडकलेच. “तार काहून बांधली? आता वय कसं समजन कोनाले?”

एका व्हिडिओखाली मी लिहिलं, ‘तुझे आजोबा रोज बघतात.’ त्यांना मात्र हे सांगितलं नाही. उत्तर आलं नाही तर उगाच झुरतील, असं वाटलं.

मग तिकडे कायदा आला. सोळा वर्षांखालच्या मुलांना असली ॲप बंद. वयाचा पुरावा द्या, नाहीतर खातं जाईल. रेवा पंधराची. तिनं मला निरोप पाठवला, ‘माझं खातं बंद होणार आहे. आजोबांचा फोन नंबर द्या, मी बोलेन.’

संध्याकाळी त्यांना विचारून नंबर देऊ, असं मी ठरवलं. पण त्या संध्याकाळी मला त्यांच्या विडीचा वास आणि तोच तो नाच नको झाला होता. ते येताना दिसले तसा मी आत गेलो आणि घरच्यांना झोपलोय म्हणून सांगायला लावलं. मग राहूनच गेलं. आठवण झाली तेव्हा खातं दिसेनासं झालं होतं.

उकंडाभाऊंना मी फक्त कायदा सांगितला.

“एवढंच ना? मंग माही साक्ष पाठवा.” दुसऱ्या दिवशी ते धुतलेली बंडी घालून मोबाइलसमोर ताठ बसले. “मी उकंडा हेडी. लय जनावरायची वयं सांगतली, एकानं बैल वापस नाई आनला. हे पोट्टी सोळाची हाय. माह्या जबाबदारीवर सोडा तिले.”

मी बटण दाबल्याचं सोंग केलं. पाठवणार कुठे?

पोळ्याच्या आठवडाभर आधी ते गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी, एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसले होते. व्हिडिओ मागणं सोडलं होतं, येणं सोडलं नव्हतं.

“कायदा बराबरच असन, मास्तर. लेकरायच्या भल्यासाठीच करत असतीन. पन जाताना एक सबद बोलली असती तं बरं झालं असतं.” मग स्वतःच म्हणाले, “तिले तरी काय मालूम, इकडं कोनी पायते म्हून.”

तिला माहीत होतं, उकंडाभाऊ. तिनं तुमचा नंबर मागितला होता. मी दिला नाही, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांचं नाव घेतलंही. ते माझ्याकडे वळले.

“चहा ठेवायला सांगू का?” मी विचारलं.