सर्वश्रेष्ठ हॉट हॅच निर्णय समिती, भोसरी

जी वस्तू आपल्याजवळ नाही, तिच्याबद्दलच माणूस निःपक्षपाती राहू शकतो. हे तत्त्व शेखरला ज्या दिवशी उमगलं, त्याच दिवशी भोसरीत 'सर्वश्रेष्ठ हॉट हॅच निर्णय समिती' स्थापन झाली. हॉट हॅच म्हणजे दिसायला घरगुती, पण पोटात तालमीतलं इंजिन असलेली छोटी गाडी. अशा गाड्यांत सगळ्यात थोर कोण, हा प्रश्न देशापुढे कित्येक वर्षं लोंबकळत पडला होता आणि सरकार त्यात लक्ष घालायला तयार नव्हतं.

शेखर मूळचा धाराशिवकडचा. राहायचा थेरगावात, महाळुंग्यातल्या एका कंपनीत ब्रॅकेटची मापं तपासायचा आणि कंपनीच्या बसने ये-जा करायचा. समितीचा तो सचिव. अध्यक्ष भिमाजी हे महाळुंग्यातले जुने शेतकरी. शेखरच्या कंपनीत आज जिथं रंगकाम चालतं, तिथं पूर्वी त्यांचा हरभरा व्हायचा. शेखर नवा आला तेव्हा राहायला पहिली खोली त्यांनीच दिली होती आणि पूनमशी त्याचं लग्न ठरवताना वडीलधारे म्हणून तेच बोलणी करायला गेले होते.

दर रविवारी सकाळी दहाला एका वर्कशॉपच्या माळ्यावर सभा भरे. एकशे बेचाळीस सभांनंतरची स्थिती अशी होती: सभासद सात. हॉट हॅच बाळगणारे शून्य. चालवलेले शून्य. आत बसलेले एक (शोरूममध्ये, गाडी उभी असताना). पाहिलेले व्हिडिओ मोजदादीबाहेर. एकमताने मंजूर झालेला ठराव एक (चहात आलं कमी आहे).

अशा सुरळीत चाललेल्या कामात विजयश्रीने घात केला. ही सभासद चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम करायची. बोलायची कमी, ऐकायची जास्त, त्यामुळे तिच्याबद्दल सर्वांचं मत चांगलं होतं. एका रविवारी तिने सेकंडहँड आय-ट्वेंटी एन लाइन, म्हणजे साक्षात हॉट हॅच, आणून वर्कशॉपच्या दारात लावली. गाडी घेतली की मत दूषित होतं, हे उघड होतं. त्यामुळे तिचा मताचा अधिकार काढून घेऊन तिला 'निमंत्रित' करण्यात आलं. ती "बरं" म्हणाली आणि गाडी सावलीत लावायला खाली गेली.

खरा भडका उडाला तो त्यानंतर. भिमाजी पुंटो अबार्थ गाडीच्या बाजूचे, शेखर पोलो जीटीच्या.

"एकशे पंचेचाळीस घोडे हायती तिच्यात," भिमाजी म्हणाले. "तुजी पोलो तिच्यापुढं शेळी."

"आण्णा, पुंटो आता मिळते कुठं? ती गाडी राहिली नाही, आठवण झाली."

"अन् तुजी पोलो मिळती व्हय? तीबी बंदच झालीया की!"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून शेखरने व्यक्तिगत पातळीवर उतरण्याचा सनदशीर मार्ग पत्करला. "ज्यांना सात सीटांचं धूड लागतं, त्यांनी हॅचबद्दल बोलू नये," असं तो म्हणाला. भिमाजी उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून आपल्या सात सीटांच्या धुडात बसून निघून गेले.

पाच आठवडे बोलणं बंद, सभाही बंद. मग भिमाजींच्या मुलीच्या, इंद्रायणीच्या, साखरपुड्याची पत्रिका थेरगावात आली. पाकिटावर लिहिलं होतं: 'सौ. पूनम व परिवार (शेखर वगळून).'

पूनमने ती पत्रिका फ्रिजवर लावली. शेखरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या माणसाने आपलं लग्न जमवलं, त्याच्या घरचं कार्य आणि आपण घरी बसून राहायचं? त्याने पोलोबाबत फेरविचार करून पाहिला. जमेना. तत्त्वाचा प्रश्न होता.

शेवटी विजयश्रीनेच दोघांना फोन केले. "शनिवारी माझ्या गाडीतून महाळुंग्याहून चाकणला चला. भांडण नंतर करा, आधी एकदा बसून तरी बघा."

दोघं आले. पुढे कोणी बसावं यावर एकमत होईना, म्हणून दोघंही मागे बसले, गुडघ्याला गुडघा लावून, दोन खिडक्यांकडे तोंडं करून. गाडी निघाली आणि चाकणच्या कोंडीत शिरली. पहिल्या चाळीस मिनिटांत गाठलेला कमाल वेग ताशी अकरा किलोमीटर. डावीकडून कोबीचा टेम्पो पुढे गेला, मग एक शेअर रिक्षा, मग पिशवी घेऊन चालणाऱ्या एक आजी.

बऱ्याच वेळाने शेखर खिडकीकडे बघतच म्हणाला, "क्लच लवकर सोडते."

भिमाजी पाच आठवड्यांनी त्याच्याशी बोलले. "व्हय. अन् गिअरबी उशिरा टाकती."

"हात बघा ना स्टेअरिंगवर कसे धरलेत."

"लाटणं धरल्यावानी."

दोघं हसले. विजयश्रीने सात मिनिटं हे ऐकून घेतलं. मग गाडी रस्त्याकडेला लावली, उतरली आणि खिडकीतून चावी पुढे केली. "घ्या, तुम्ही चालवा. माझी कंपनी समोरच आहे, आज मला शिफ्ट आहे."

शेखर म्हणाला, "माझं लायसन्स फक्त दुचाकीचं आहे."

भिमाजींनी वाकून पुढे पायांपाशी पाहिलं. "हिला तीन पेडलं हायती," ते गंभीरपणे म्हणाले. "आमची ऑटोमॅटिक. आमाला दोनाचीच सवय."

"मग संध्याकाळी सहापर्यंत बसा," म्हणाली आणि चावी हातात ठेवून ती चालत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर दोघं पुढच्या सीटांवर आले. शेखरने स्टेअरिंग धरलं. भिमाजींनी पट्टा लावला. गाडी बंद होती, पण दोघांनाही बरं वाटलं.

"साखरपुड्याला येतूस न्हवं?"

"पत्रिकेत वगळलंय मला, आण्णा."

"मग खोड की पेनानं. आमी काय दगडावर कोरलंय?"

शेखरचे डोळे भरून आले. काचेवर ऊन येतंय, असं त्याने सांगितलं आणि भिमाजींनी ते मान्य केलं.

एकशे चव्वेचाळिसाव्या सभेत इतिहासातला दुसरा एकमताचा ठराव झाला: सर्वश्रेष्ठ गाडी कोणती हे यथावकाश ठरेल, मात्र विजयश्रीला गाडी चालवता येत नाही. निमंत्रितांना मत नसल्याने विरोधाची नोंद झाली नाही.

वाचकहो, हे वाचताना 'दोघंही चुकतायत, खरी गाडी तर' असं म्हणून आपण मनात एक नाव घेतलंच असेल. त्या गाडीची चावी आपल्या हातात कधी आलेली नसावी. समितीचं उपाध्यक्षपद रिकामं होतं, त्यावर आपली बिनविरोध निवड झाली आहे. अर्जाची किंवा मुलाखतीची गरज नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीत बाई चालवताना दिसली की आपण काय पुटपुटता, ते समितीने ऐकलेलं आहे.