बायकोच्या पायाचं निदान

ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं आपल्याला नुसतं बसल्या बसल्या कळतं, असं उस्ताद छातीठोकपणे सांगायचे आणि त्यात फारशी थाप नव्हती. आसपासचे सगळे बिघडलेले गिअरबॉक्स त्यांच्याच गॅरेजात येत. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की उस्ताद त्याला हातानेच गप्प करत, गाडीत बसत आणि तेल चांगलं तापेपर्यंत ती मोठ्या रस्त्याने फिरवून आणत. गाडी गरम झाल्याशिवाय खरं बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरच्या गाडीसाठी मात्र एवढा वेळ कोण काढतो! बायको म्हणाली की एका वेगात चालली की गाडी थरथरते. उस्तादांनी जेवणाआधी थंड गाडीची गल्लीतून एक चक्कर मारली, हात धुतले आणि पाटावर बसता बसता निकाल देऊन टाकला. "गाडी ठणठणीत आहे. तुझा पाय थरथरतो."

बायकोने ते मनाला लावून घेतलं. इतकी वर्षं ती हौसेने गाडी चालवत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आईकडे दर आठवड्याला एकटी जायची. ते जाणं बंद झालं. भर रस्त्यात पायाने दगा दिला तर काय, या धास्तीने ती शक्तीच्या गोळ्या घेऊ लागली. संध्याकाळी वजनकाट्यावर उजवा पाय टेकवून काटा एका जागी धरायचा सराव करू लागली. काटा तसूभरही हलायचा नाही, आणि तो न हलणारा काटा बघत उस्ताद तिला आणखी सराव कर म्हणायचे. शेवटी तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा पहिल्यापासून नाव घातलं.

मग एका दुपारी उस्ताद कुठलासा पार्ट आणायला घरचीच गाडी घेऊन शहराबाहेर गेले. तेल तापलं, गाडी एका वेगाला लागली आणि खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरायला लागली. उस्तादांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता गुळगुळीत होता. मग त्यांनी, खरं सांगायचं तर, स्वतःच्या पायाकडे पाहिलं. डाव्या पायाने ब्रेकला हलकेच स्पर्श केला तशी थरथर थांबली. पाय काढला, थोड्या वेळात पुन्हा सुरू! टॉर्क कन्व्हर्टर! इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा तो तेलाने भरलेला गोल डबा, त्याच्या आतला, ब्रेक लागताच सुटणारा क्लच झिजला होता. गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं. उस्तादांना अशी लाज वाटली की रिकाम्या गाडीतही त्यांनी मान खाली घातली.

घरी जाऊन 'चुकलं माझं' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण जन्मभर गिअरबॉक्स उचलणाऱ्या माणसाला ते दोन शब्द उचलवेनात. गाडी सर्व्हिसिंगला ठेवतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्याच गॅरेजात चोरासारखे शिरले, शटर आतून ओढलं आणि गिअरबॉक्स एकट्याने उतरवला. तेल काळं पडलं होतं, जळका वास मारत होतं. घाईघाईत नवा कन्व्हर्टर चढवला, तर गिअरबॉक्स इंजिनाला टेकेना. कन्व्हर्टर पुरता आत बसलाच नव्हता. अशा वेळी बोल्ट आवळले की आतला पंप फुटतो, हे दुसऱ्यांना ओरडून सांगण्यात उस्तादांचा घसा बसला होता. मुकाट्याने सगळं पुन्हा उतरवलं, कन्व्हर्टर गोल गोल फिरवत शेवटपर्यंत बसवला आणि कंबर धरून ते घरी आले. बायकोने कंबरेला मलम चोळलं आणि माझ्या गाडीसाठी किती राबता हो, असं मायेने म्हणाली. मलमापेक्षा ते वाक्यच जास्त झोंबलं.

दोन दिवसांनी बायको आईकडे जाऊन आली ती नाचतच. गाडी कुठे म्हणजे कुठे थरथरली नाही. सरांनी माझा पाय सुधारला, हे तिने फोनवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना चहाला बोलावलं. कप नेऊन द्यायला अर्थात उस्ताद.

चहाला तिची मोठी बहीणही आली होती. तिने गाऱ्हाणं काढलं की तिचीही ऑटोमॅटिक गाडी हल्ली थरथरते; गॅरेजात टाकणार होते, पण आता क्लासच लावते. उस्तादांच्या हातातला ट्रे कलला. झिजलेल्या क्लचचा चुरा तेलातून फिरला की आख्खा गिअरबॉक्स खलास होतो. गप्प बसावं तर मेहुणीची गाडी जाते, बोलावं तर स्वतःची अब्रू.

"ताई, क्लास नका लावू," उस्ताद ट्रेकडे बघत म्हणाले. "हिचाही पाय नव्हता. कन्व्हर्टर होता. मी गुपचूप बदलला."

सरांनी कप खाली ठेवला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "आमच्या गाडीवर पहिल्याच दिवशी मी यांना म्हटलं, तुमच्या पायात काही दोष नाही. तर म्हणाल्या, माझे मिस्टर सांगतायत ना, ते गाडीच्या बाबतीत मला खोटं सांगणार नाहीत."

त्यापेक्षा बायकोने ट्रे डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं, असं उस्तादांना वाटलं. ती उठली, बहिणीकडून किल्ली घेतली आणि म्हणाली, चला, ताईची गाडी तापवून बघू. ती स्टीअरिंगवर बसली, शेजारी ताई, आणि उस्तादांना मागची सीट मिळाली. मोठ्या रस्त्याला तिने गाडी एका वेगाला लावली. थोड्या वेळाने सीटखालून थरथर सुरू झाली. बायकोचे हात, पाय, मान, सगळं स्थिर होतं.

"काय थरथरतंय?" मागे न वळता तिने विचारलं.

"कन्व्हर्टर," उस्ताद पुटपुटले.

"मोठ्याने सांगा," बायको म्हणाली. "ताईला ऐकू नाही आलं."