निरोपात न मावलेला गळा

बायकोने लिहून काढलेला स्वेटरचा नमुना कॉम्प्युटरवरून पाठवून दाखवायचा, असं पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू एकच होता: कॉम्प्युटर वाचवणं. जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून फोनची लाइन अडवणाऱ्या त्या यंत्राला बायको कधीची माळ्यावर धाडायला टपली होती.

"बाबांच्या वाढदिवसाला माझी धाकटी स्वेटर विणणार आहे. टपालाने नमुना कधी पोचायचा?"

"उद्या पोचवतो! साडू आहेत ना आमच्या बुलेटिन बोर्डवर."

"आणि नाही पोचला तर?"

"तर हा माळ्यावर!" (बोलून गेले, आणि लगेच यंत्रावर हात ठेवून उभे राहिले.)

हा बोर्ड एक दातांचे डॉक्टर हौसेने चालवत. दवाखाना बंद झाला की तिथल्याच फोनला जोडलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर हौशी मंडळींचे निरोप गोळा होत आणि तिथून दुसऱ्या गावच्या बोर्डांकडे रवाना होत. डॉक्टरांनी बजावलं, "निरोप मर्यादेत ठेवा. जास्त झाला तर मशीन शेपूट छाटतं."

"न विचारता?"

"भूलसुद्धा न देता."

साहेबांनी दोन सुलट, दोन उलट टाइप करता करता डोळे तिरळे करून घेतले, पण नमुना अगदी काठोकाठ बसवला. इथे थांबले असते तर साहेब कसले! नुसते टाके पाठवणं त्यांच्या विद्वत्तेला शोभेना. त्यांनी वर विज्ञानाच्या घोडदौडीवर एक छोटीशी प्रस्तावना जोडली. (खात्यात त्यांच्या 'छोटीशी'ला सगळे टरकून असत.) चार ओळी इकडेतिकडे चालतात, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

मग जिवाला चैन पडेना. फोन उचल, ठेव, खिडकीपाशी जा, परत ये. ऑफिसात तर त्यांनी एका अर्जावर 'पाण्याऐवजी लोकर मंजूर' असा शेरा मारला. अखेर साडूंचा निरोप आला, 'मजकूर मिळाला. विणकाम सुरू.' साहेब दोन दिवस घरात छाती काढून फिरले.

वाढदिवशी मेहुणीचा फोन आला.

"ताई, बाबा आत अडकलेत!"

"अगं बाई! बाथरूममध्ये?"

"स्वेटरमध्ये! हात बाहेर आले, डोकं येतच नाहीये. पाहुणे थांबलेत. तू गळ्याचं लिहिलंच नाहीस!"

"शेवटी लिहिलं होतं की!"

"शेवटी 'पुढचा भाग पाठीसारखाच विणावा, परंतु' एवढंच आहे. परंतुच्या पुढे काही नाही."

"आणि वर?"

"वर भाऊजींचं विज्ञानावरचं भाषण आहे. ते मात्र पूर्ण आलंय."

बायकोने फोन ठेवला आणि नजर कॉम्प्युटरवरून माळ्याकडे नेली. साहेबांना ओरडणं परवडलं असतं.

आठवड्याने स्वेटर पार्सलने परत आला. साहेब दिलेल्या शब्दाप्रमाणे कॉम्प्युटरच्या वायरी काढू लागले, तोच बायकोने स्वेटर त्यांच्या छातीला लावून पाहिला. मापात अगदी बरोबर होता. साहेबांना एकदम भरून आलं.

"गळा करून देतेस?"

"कशाला? असाच घाला. तुमच्या बाबतीत डोक्याचा प्रश्न येतोच कुठे!"