अडीचशे मेगावॅटचा सिनेमा

“पहिल्या दिवशी, पहिला खेळ! आणि पहिला आकडा माझा! लिहून ठेव सविता, अख्खा खान्देश माझ्या आकड्यासाठी थांबणार आहे!”

गुलाब सपकाळे यांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात भाकरी. मंगळवार होता. दुसरं काहीच विशेष नव्हतं. त्या दिवसाबद्दल सविताला पुढे एवढंच सांगता यायचं, की दुसरं काहीच विशेष नव्हतं.

सविता त्यांची मुलगी. भुसावळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. घरी आली की खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायची. आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, सगळं वाङ्मय मात्र टीव्हीवरच्या एका मालिकेत आटोपलं होतं. ‘नळाला पाणी आलं’! एक इमारत, अकरा बिऱ्हाडं, एक नळ. सात वर्षं मालिका चालली, मग तिच्यावर एक सिनेमा निघाला आणि आता त्या सिनेमाचा दुसरा भाग येऊ घातला होता.

आबांनी चौतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूम सांभाळली. नोकरी सुटली, नोंदवही सुटली नाही. मालिकेचा प्रत्येक भाग ते वही मांडीवर घेऊन बघत. ‘२०:३७ – बादलीचा विनोद. भार वाढला. २०:४४ – सासूबाई रडल्या. भार घसरला.’ आणि शेवटी निकाल: ‘आजचं हसू, १६० मेगावॅट!’ हा आकडा मग ‘नळकरी मंडळ, खान्देश’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा. दोनशे बारा सभासद, निम्मे जळगावचे, निम्मे धुळ्याचे. दीपनगरचा आबांशिवाय एकही नाही, कारण दीपनगरच्या लोकांनी हे सगळं समोरासमोर सोसलं होतं!

“सविता, ये ना! दुसऱ्या भागाची झलक आलीये! दोनच मिनिटं!”

“वाचतेय, आबा.”

“अगं, तांबोळे मास्तर बादली घेऊन विमानात बसलाय! पट्टा बादलीला बांधलाय, स्वतःला नाही!”

“आबा, हळू.”

तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं. पुस्तक जरा हललं. ते पान तिनं चार वेळा वाचलं.

बुधवारी सकाळी ती चहा घेऊन अंगणात गेली, तर आबा खुर्चीत बसलेले. दोनदा हाक मारली. चहा तसाच राहिला.

पुढचे दिवस माणसांनी भरून गेले. पुण्यानुमोदनाचे पाहुणे जेवून पांगले आणि कपाटावर ठेवलेला आबांचा फोन थरथरला.

‘गुलाबभाऊ, इतके दिवस गप्प? तब्येत बरी ना? – नासीर, जळगाव.’

सवितानं लिहिलं, ‘आबा गेले.’ अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला, आणि तो तिथंच थिजला. घरातली खुर्ची रिकामी झाली होती. चपला आईनं उचलून ठेवल्या होत्या. आबा अजून जिवंत असतील अशी जगात एकच जागा उरली होती, आणि ती या फोनमध्ये होती. ती आपल्याच अंगठ्यानं विझवायची?

तिनं शब्द खोडले. लिहिलं, ‘जरा थंडीताप आहे. बाकी बरा.’

झालं! दोनशे अकरा माणसं डॉक्टर झाली. कोणी गुळवेल, कोणी ओव्याचा शेक. एकानं तर म्हशीच्या औषधाची चिठ्ठी पाठवली. सविता प्रत्येकाला ‘बरं’ लिहीत गेली.

“कोनाशी बोलू राह्यली वं त्याइच्या फोनवर?” आईनं, नर्मदाबाईंनी, विचारलं.

“कोणी नाही गं.”

“कोनी न्हाई, तं मंग घाम कशाचा?”

शुक्रवारी सिनेमा लागला आणि ग्रुपात रण पेटलं!

‘अख्खं बिऱ्हाड लंडनला नेलं! लंडनला चोवीस तास पाणी! मग नळाला ‘आलं’ काय, कपाळ?’ असं जळगाव.

‘पहिला भागथून भारी! हाशी हाशी पोट दुखी गयं!’ असं धुळे.

‘धुळेकरांना पाण्याचा थेंब दिसला तरी हसू येतं!’

‘जयगाववालास्नं केळं खाई खाई डोकं मऊ व्हई गयं!’

शेवटी धुळ्याच्या बाजूनं पितांबर आबा उतरले. हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांनी निर्वाणीचं लिहिलं, ‘गुलाबभाऊ आकडा देतील तो शेवटचा शब्द. सोमवारपर्यंत आकडा आला नाही, तर आमचं धुळ्याचं मंडळ वेगळं!’

सविता घाबरली. आबांनी सात वर्षांत जोडलेलं मंडळ तिच्या ‘बरं’पायी फुटणार! रविवारी दुपारी ती जळगावला थेटरात जाऊन उभी राहिली. पर्समध्ये आबांची नोंदवही आणि आबांचा फोन.

एका रांगेत पंधरा-वीस माणसं ऐसपैस बसली होती. मधली एक खुर्ची मोकळी दिसली, म्हणून ती टेकली.

“ओ बाई!” पलीकडचा दाढीवाला माणूस ओरडला. “उठा! ती गुलाबभाऊंची जागा आहे!”

सविता विजेचा झटका बसल्यासारखी उठली. खुर्चीच्या पाठीला खरोखरच नवाकोरा टॉवेल बांधला होता.

“ते... येणार आहेत?”

“ताप आहे त्यांना. पण न सांगता येऊन बसतील, सांगता येत नाही. कधी भेटलो नाही, तरी ओळखतो मी माणूस! बसा तुम्ही पलीकडे.”

ते नासीरभाई होते. जळगावात गाद्या शिवायचं दुकान. शेजारी त्यांच्या पत्नी हुस्नबानो. सविता टॉवेलाच्या खुर्चीला लागून बसली. पडद्यावर तांबोळे मास्तरानं बादलीला पट्टा बांधला आणि तिला हसू फुटलं. पहिल्यांदाच, पुस्तकाशिवाय! सवयीनं तिनं शेजारी पाहिलं. टॉवेल होता. मग जे सुरू झालं ते थांबेचना.

हुस्नबानोंनी वाकून रुमाल पुढे केला. “घ्या. इतका पण वाईट नाही हो सिनेमा!”

मध्यंतरात दिवे लागले. “भाऊंना फोन लावतो,” नासीरभाई म्हणाले. “ताप उतरला का बघू.”

सवितानं झटकन पर्स ओढली. पर्समध्ये हात घालेपर्यंत आतून मालिकेची धून सुरू झाली. ठण! ठण! ठणाठण! बादल्याच बादल्या!

“वा! तुमच्याकडे पण हीच धून!” नासीरभाई खूश झाले. “उचलत नाहीत भाऊ. झोपले असतील.” त्यांनी फोन कापला. पर्समधल्या बादल्या त्याच क्षणी गप्प झाल्या. हुस्नबानोंनी एकदा पर्सकडे पाहिलं, एकदा सविताकडे.

घरी येऊन तिनं नोंदवही उघडली. १६०. १७५. १४०. मालिकेच्या शेवटच्या भागाला २१०, खाली लाल रेघ. आबांनी ज्या सिनेमाची इतकी वाट पाहिली, त्याला त्याहून कमी कसा द्यायचा? तिनं मन मोठं केलं आणि टाकला आकडा: ‘२५० मेगावॅट!’

ग्रुपवर धडाधड प्रश्नचिन्हं पडली.

‘भाऊ?? अडीचशे???’

‘नियम १: वीजसंचाची ताकद दोनशे दहा! त्याच्या वर गेलं तर बॉयलर फाटेल! हा नियम भाऊंनीच केला!’

नियम ग्रुपच्या माथ्यावरच लिहिलेला होता. दोनशे बारांपैकी दोनशे अकरांना पाठ होता. आबांनी तो घरातही शंभरदा सांगितला असणार. ती तेव्हा पुस्तक वाचत होती.

‘हे गुलाबभाऊ नव्हेत,’ नासीरभाईंनी लिहिलं.

आणि मग पितांबर आबांना ते सुचलं. ‘भाऊच आहेत! मुद्दाम चुकीचा आकडा दिलाय! भाऊंना कोणीतरी डांबून ठेवलंय, हा इशारा आहे!’

सवितानं घाईघाईनं लिहिलं, ‘मी ठीक आहे. कोणीही येऊ नका.’

‘बघा! डांबलेल्या माणसाला हेच लिहायला लावतात! धुळ्याहून जीप निंघनी!’

त्या रात्री सविता कडी दोनदा तपासून झोपली, म्हणजे झोपली नाहीच.

पत्ता सगळ्यांकडे होता. ‘चिमण्यांचा धूर दिसला की फाट्याला वळा, घर आपलंच’ असं आबांनी सात वर्षं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी साडेनऊला दारात जीप आणि टेम्पो एकदमच थांबले. आदल्या दिवशीपर्यंत एकमेकांचं तोंड न पाहणारं जळगाव आणि धुळे खांद्याला खांदा लावून उतरलं! नासीरभाईंच्या हातात गाद्या शिवायचं वीतभर दाभण. पितांबर आबांच्या हातात काठी. शिवाय केळ्यांचा घड, कारण सुटका झाल्यावर आजारी माणसाला रिकाम्या हातानं कसं भेटायचं?

सवितानं दार उघडलं.

“हीच ती!” हुस्नबानो किंचाळल्या. “थेटरातली रडणारी बाई! हिच्याच पर्समध्ये भाऊंचा फोन वाजत होता!”

“भाऊ कुठे आहेत?” नासीरभाईंनी दाभण पुढे केलं.

“भाऊले सोडी दे, पोरी! आमी बठ्ठा येल शेतस!” पितांबर आबांनी काठी आपटली.

सविता उंबऱ्यात उभी राहिली. आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांत अशा वेळी बोलायची किती सुंदर वाक्यं होती! एकही आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काकांनी सगळ्यांना कळवलं होतं, आई तर रोज म्हणायची. तिनं मात्र आजवर नुसती मान हलवली होती.

“आबा गेले,” ती म्हणाली. “थंडीताप नव्हता. सिनेमा लागायच्या आधीच गेले. मी त्यांची मुलगी.”

दाभण खाली आलं. काठीचं काय करावं हे पितांबर आबांना कळेना, म्हणून ते ती दारामागे नीट उभी करून आले. नर्मदाबाईंनी सगळ्यांना आत घेतलं, पाणी दिलं. केळ्यांचा घड कोणीतरी फोटोसमोर ठेवला. नासीरभाईंनी पिशवीतून थेटरातला तो टॉवेल काढला आणि आबांच्या खुर्चीवर पसरला. ते पहिल्यांदाच भाऊंच्या भेटीला आले होते.

मग पितांबर आबांनी घसा खाकरला.

“मंग तो अडीचशे?”

“मी दिला. मला नियम माहीत नव्हता.”

“पोरी, पोरी! जरा बॉयलरचा तरी इचार करायचा!”

हुस्नबानोंना हसू आलं आणि त्यांनी ते पदराआड दाबलं. ते बघून सविताच्या आत काहीतरी सुटलं. ती खुर्चीकडे वळली. खोलीत तीसेक अनोळखी माणसं होती, पण आता थांबवेना.

“आबा, मला आवडायचं. सगळं आवडायचं. पुस्तक तोंडासमोर धरायचे ना, मागे हसत असायचे मी. प्रत्येक वेळी. बादली विमानात बसली, तेव्हासुद्धा.”

हुस्नबानोंनी रुमाल काढला. तोच, थेटरातला.

पितांबर आबांनी फोटोजवळ ठेवलेली नोंदवही ओढली, कंडक्टरच्या सवयीनं कानामागचं पेन काढलं आणि शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली. “हे हसू नोंदवायचं राहिलं मग. किती धरू, बेटा?”

सवितानं नाक पुसलं.

“पूर्ण भार, आबा,” ती खुर्चीला म्हणाली. “दोनशे दहा.”