साहेब वाटेत आहेत

विवाह हा मूलतः एक सार्वजनिक स्वागत समारंभ असून, मध्ये सवड मिळाल्यास त्यात एका मुलाचे आणि एका मुलीचे लग्नही लावून घेता येते. ही व्यवस्था मुखेड तालुक्यात जितकी परिपूर्णतेला पोचली आहे, तितकी इतरत्र क्वचितच पोचली असेल. (जळकोटकडच्या मंडळींना हे मान्य नाही. त्यांच्याकडे माइक दोन असतात.)

भुजंगरावांनी आपल्या पुनमचे लग्न काढले, तेव्हा पत्रिकेत दोनशे चौदा नावे छापली. निमंत्रक बासष्ट, स्वागतोत्सुक एकाहत्तर, 'आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं' असे म्हणणारी बालके एकोणीस, बाकीचे किरकोळ. वधूवरांची नावे उरलेल्या जागेत बसवली. सगळ्यांच्या वर, फोटोसह, प्रमुख उपस्थिती म्हणून हणमंतराव, माजी सभापती. (आपल्याकडे पुढारी दोनच प्रकारचे असतात, माजी आणि भावी. हणमंतराव दोन्ही होते.) साहेब आपल्या पोरीच्या लग्नाला येणार, हे भुजंगरावांनी दोन महिने आधीपासून गावात, एसटीत आणि न्हाव्याच्या दुकानात सांगून ठेवले होते. त्यामुळे आता साहेबांनी येणे हा साहेबांचा नव्हे, भुजंगरावांच्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

अडचण एकच होती. भरतीची तारीख सरकार काढते, लग्नाची भटजी काढतात आणि दोघेही एकमेकांना विचारत नाहीत. लग्नाच्याच दिवशी नांदेडला पुनमची तलाठ्याची परीक्षा आली. पोरीने तीन वर्षे अभ्यास केला होता आणि मागच्या वेळी तिची एका मार्काने गेली होती. केंद्राचे गेट तीनला बंद होणार. मुखेडहून गाडीने दोन तास धरले, तर पावणेएकला निघायलाच हवे. मुहूर्त अकरा पस्तीसचा. म्हणजे कागदावर तब्बल एक तास दहा मिनिटे शिल्लक राहत होती. नवरदेव सुदर्शन जळकोटच्या एका शाळेत शिकवत होता, त्याला हिशोब लगेच पटला. अक्षता पडल्या की पुनमने मावशीबरोबर गाडीत बसायचे, संध्याकाळी परतल्यावर पाठवणी करायची, असे ठरले. योजनेत खोट नव्हती. फक्त तीत माइक धरलेला नव्हता.

माइक दयानंद सरांच्या हातात होता. सर सूत्रसंचालनात पंचक्रोशीत मशहूर. अकरा वाजता त्यांनी पहिले नाव घेतले, "गावचे आदर्श व्यक्तिमत्त्व..." आणि तिथेच चूक झाली. एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे घ्यावे लागते, त्याचे घेतले की त्याच्या भावकीचे, आणि ज्याचे राहिले तो न जेवता मोटारसायकलला किक मारतो. पुकारलेल्या माणसाला टॉवेल, टोपी, नारळ. साडेबारापर्यंत एकशे सत्तावीस सत्कार झाले. यात बारा जणांचा दोनदा झाला, पण त्यांनी तक्रार केली नाही. एक गृहस्थ शेजारच्या मंगल कार्यालयातल्या लग्नाला आले होते आणि चुकून इकडे शिरले. त्यांचाही झाला.

हणमंतरावांचा फोन अकरा वीसला येऊन गेला होता. "वाटेतच हाव." (वाटेत असणे ही पुढाऱ्याची कायमची अवस्था आहे. त्यात आंघोळीला जाणेही येते.)

बारा चाळीसला पुनम मांडवाच्या मागच्या खोलीतून बापाशी बोलली. हळद लागलेल्या हातात हॉलतिकीट होते.

"बाबा, टाइम झाला. ते तीनला गेट लावून घेतेत."

"बाई, धा मिन्टं थांब. साहेब फाट्याला पोचलेत म्हणं."

"मागच्या धा मिन्टाला बी फाट्यालाच होते."

मांडवात हजार-बाराशे माणसे आणि साहेबांच्या आधी लग्न लावले तर आयुष्यभराचे बोलणे. इथे पोरीची तीन वर्षे. भुजंगरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तेव्हा त्यांची बायको मनकर्णाबाई पुढे झाली. "तुमचं नाव पुकारलं का न्हाई तेवढंच बघा तुम्ही. पोरीचं नाव कवा पुकारणार हायत?"

सुदर्शन बाशिंग सावरत आला होता. तो म्हणाला, "मामा, जाऊ द्या तिला. मी हाय की हितं. लगीन संध्याकाळी लावू."

"आन् लोकं?"

"लोकांना कळतंय का बघू."

भुजंगरावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागचे दार उघडले. गाडी धूळ उडवत नांदेडच्या रस्त्याला लागली, तेव्हा माइकवर एकशे पस्तिसावे नाव चालू होते.

हणमंतराव एक वाजून पन्नास मिनिटांनी आले. त्यांना अजून सात लग्ने करायची होती, म्हणून त्यांनी फक्त पंचवीस मिनिटे भाषण केले. "मुलगी शिकली पाहिजे, मुलगी पुढं गेली पाहिजे," असे ते म्हणाले. (ती तेव्हा कंधारच्या पुढे गेली होती.) "पुनम मला माझ्या लेकीसारखी हाय," असे म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या करवलीच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या पडल्या. करवली लाजली.

मग दयानंद सरांनी नियमाप्रमाणे पुकारले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मुलीचे तिन्ही मामा साहेबांना फेटा बांधण्यात गुंतले होते. व्यासपीठावर सेहेचाळीस माणसे चढली, त्यांच्यापुढे दोन फोटोग्राफर, त्यांच्यापुढे मोबाइल उंच धरलेले कार्यकर्ते. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला सुदर्शन उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूला काय आहे, हे बघायला जागाच नव्हती. भटजींनी भुजंगरावांकडे पाहिले, भुजंगरावांनी जमिनीकडे पाहिले. भटजींना तीन वाजता दुसरीकडे जायचे होते. त्यांनी मंगलाष्टक म्हणायला घेतले. मधल्या कडव्याला सरांनी थांबवले, कारण बँकेचे संचालक आले होते. पुढे अक्षता पडल्या. त्यातल्या बहुतेक पुढच्या माणसाच्या मानेवर पडल्या. बँड वाजला, फटाके उडाले, पंगती बसल्या.

भुजंगराव पंगतीतून वाढत फिरत होते. आता कोणीतरी विचारेल, नवरी कुठंय? लोकांनी विचारले ते एवढेच : बुंदी अजून हाय का, चार्जर हाय का, साहेब गेले का. अहेराच्या रांगेत सुदर्शन एकटा उभा होता. त्याला पाकीट देऊन माणसे शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत आणि फोटो काढून उतरत. तिसऱ्या पंगतीनंतर भुजंगरावांची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. कोणाचा, हे त्यांना नेमके कळेना. बराचसा स्वतःचाच होता.

गेट बंद व्हायला चार मिनिटे असताना पुनम आत गेली. संध्याकाळी साडेसातला ती परतली, तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. दुसरीकडचे लग्न आटोपून भटजी परत आले. मनकर्णाबाईने जुनेच धोतर अंतरपाट म्हणून धरायला दिले. हजर चौदा माणसे, त्यात आचारी आणि दोन मांडववाले. माइक परत गेला होता, त्यामुळे कोणाचेच नाव घेतले गेले नाही आणि लग्न नऊ मिनिटांत लागले. भुजंगरावांना पोरीचा चेहरा समोर, स्वच्छ, मध्ये कोणीही नसताना दिसला. ते रडले. लपवावे असे त्यांना वाटले नाही.

पुढचे पंधरा दिवस बाजारात, बसस्टँडवर माणसे त्यांना थांबवून सांगत होती, "भुजंगराव, लगीन लई झकास झालं. पोरगी काय गोड दिसून राहिली होती हो! साहेब आले तवा तर लाजून चूर." भुजंगराव प्रत्येकाला "हाव" म्हणाले. पुढे पोरगी परीक्षेत पास झाली, तेव्हा तेही ते सांगू पाहत, पण तोवर समोरचा माणूस साहेबांवर घसरलेला असे.

हे वाचून आपण हसला असाल तर बरेच आहे. आपण त्या लग्नाला नव्हतात, असे आपले म्हणणे असेल, तेही मान्य. आपण दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाला गेला होतात, अगदी परवापरवाच. अक्षता टाकल्यात, जेवलात, वर जाऊन फोटो काढलात. त्या नवरीचं नाव काय होतं?

(पत्रिका बघू नये.)